एका रिंगची माणसं

सात रस्त्याजवळच्या एका सरकारी ऑफिसात नूरबी टेलिफोन सांभाळते. टेबल तिचं, खुर्ची तिची आणि दराराही तिचाच. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांना साहेबाचं नाव ठाऊक नसतं, नूरबीताई मात्र घराघरात माहीत. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की काठावरच्या शेतीपंपाच्या मोटारी कुठवर ओढून घ्यायच्या, हे तिनं सांगायचं आणि गावांनी ऐकायचं.

विचारायची रीतही ठरलेली. एक रिंग द्यायची आणि फोन ठेवून द्यायचा. नंबर बघून नूरबी उलट फोन करणार. पूर्वी त्यात पैसे वाचायचे. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं तरी रीत काही मोडली नाही. ताई कामात असेल, तिच्या सवडीनं करेल, एवढी अदब त्या काठावर अजून शिल्लक आहे.

जिल्ह्यातली सरकारी ऑफिसं टेलिफोनच्या नव्या करारावर जायला लागली, तेव्हा सगळ्यांत खूश नूरबीच होती. कुणी रस्ता खणला की जुन्या लाइनीचा जीव जायचा. नवी लाइन लवकर यावी म्हणून तिनंच ऑफिसच्या प्रमुख उत्कर्षा मॅडमच्या मागे भुणभुण लावली होती. अखेर लाइन आली. नंबर जुनाच, आवाज मात्र खणखणीत. नूरबीनं ऑफिसभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजलाच नाही.

"किती शांत वाटतंय, नाही?" मॅडम म्हणाल्या.

शांत कसलं! वरून पाणी सुटल्याचा निरोप मोबाइलवर येऊन पडला होता आणि एकाही गावाची रिंग नाही.  नूरबीनं मोबाइलवरून ऑफिसचाच नंबर लावून पाहिला. पहिल्याच रिंगला एक गोड बाई बोलू लागली, "आपले स्वागत आहे. मराठीसाठी एक दाबा."

गावं रिंग देत होती, ही मशीनमधली बाई फोन उचलत होती, गावकरी बिचारे फोन ठेवून देऊन वाट बघत होते. टेबलावरच्या फोनपर्यंत काही पोचतच नव्हतं.

"डोंबलाचं स्वागत!" नूरबी कडाडली आणि तिनं काठावरच्या आबासाहेबांना मोबाइलवरूनच गाठलं. "आबा, मोटार वर घ्या, आत्ताच्या आत्ता. सगळ्या गावाला सांगा. बाकीच्या गावांना पण निरोप धाडा."

"व्हय, व्हय," म्हणत म्हातारा पळाला.

तेवढ्यात टेलिफोन कंपनीचा अमृत आला. काम पूर्ण झाल्याची नूरबीची सही त्याला हवी होती.

"ती स्वागतवाली बाई काढ, मग सही."

"मावशी, करारात सगळ्या ऑफिसांना एकच पद्धत ठरलीय."

"मग जा, काठावर जाऊन करार वाचून दाखव त्यांना."

अमृतनं मॅडमकडे पाहिलं. दुसरं कुणी असतं तर नूरबीलाच नियम शिकवत बसलं असतं. मॅडम चांगल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "या नंबरपुरती काढून टाका. वर काय सांगायचं ते मी सांगते."

दुपारपर्यंत अमृतनं मशीनचं तोंड बंद केलं. सगळे टेबलाभोवती जमले. थोड्या वेळानं फोन एकदा वाजला आणि थांबला. अमृतनं रिसीव्हरला हात घातला तशी नूरबीनं त्याच्या हातावर चापट मारली. नंबर पाहून तिनं उलट फोन लावला.

"आबा, मोटार निघाली का?"

"समद्यांच्या निघाल्या. मोटारी व्हत्या तितं आता पानी हाय."

"मग रिंग कशाला दिली?"

 "सकाळी तिकडनं दुसरीच बाई बोलली की. आन् तुमी बोलला ते तुमच्या सोताच्या मोबाइलवरनं. मला वाटलं, काढलं वाटतं आमच्या ताईला. तितंच बसलाय न्हवं अजून, तेवढंच बगत व्हतो."

"इथंच आहे की, आबा," नूरबी कशीबशी म्हणाली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि अमृतच्या कागदावर सही केली.