चार दिवसांचं पथ्य

बन्सीमामाची एकच चप्पल अजून दाराशी पडल्याली हाय. जोडीची टाकून दिल्याला वरीस झालं, कारण डावा पाय गुडघ्यापसून काढला व्हता. आता मामा जाऊन बी दोन महिने झाले. द्वारकामामी झाडू मारती, चप्पल उचलती, पुन्हा तिथंच ठिवती. तिच्या सोताच्या पायाला बी आताशा मुंग्या येत्यात. कुनाला सांगितलं नाय तिनं.

मामा शेंद्र्याचा. चिकलठाण्याला एका कंपनीत मशीनवर तीस वर्षं घासली. पंचेचाळिशीत कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं, "साखर काठावर आहे. रोज चाला, गोड सोडा, म्हणजे पुढचं टळेल. हे तुमच्याच हातात आहे."

मामाच्या डोक्यात एकच भेव बसलं, का आता मशीनवरून काढत्यात.

मग घरात रीतच पडली. दरसाल कंपनीच्या तपासणीच्या चार दिवस आधी मामी साखरंचा डबा माळ्यावर टाकायची. ज्वारीची भाकर, मेथी, कारल्याचं पानी. मामा नाक दाबून प्यायचा, गल्लीला चकरा मारायचा. कागद चांगला यायचा. अन् त्याच सांजंला पावशेर इमरती घरात.

शेजारच्या मशीनवरचा गयासभाई दारातूनच वरडायचा, "क्यों बन्सीभाई, फिर से पास?"

"मंग! जवान पोराचं रगत हाय म्हनला डॉक्टर."

"अन् बाकीचं वरीसभर काय?" मामी म्हनायची.

"तू इमरती खा गं. सनासुदीला कडू बोलू नको."

मामी खायची. तेच आता तिच्या मनाला लागतं. डबा तीच वर टाकायची, खाली बी तीच काढायची.

मामा रिटायर झाला. तपासणी गेली, तसे ते चार दिवस बी गेले.

मग एक दिवस मामीला फरशीवर रगताचे ठसे दिसले. चपलीचा खिळा तळव्यात घुसल्याला, अन् पाय बधिर झाल्याला, मामाला पत्ताच नाय. हळद भरली. पाय काळा पडत गेला. दवाखान्यात डॉक्टरीनबाई म्हनली, "काका, साखर चारशेच्या वर आहे. कधीपासून?"

मामानं पिशवीतून जुने कागद काढले. घडी बी न मोडता जपल्याले. "हे बघा की बाई. मी दरसाल पास हाय."

बाई कागद बघत राहिली. मामीनं पदर तोंडाला लावला. पाय गेला, मग किडनी, मग मामा.

मग एका सोमवारी सरकारी दवाखान्याची आशाताई दारात आली. "मामी, शुक्रवारी शिबिर हाय. तुमची बी साखर बघू."

ती गेली, तसं मामीनं सवयीनं साखरंचा डबा उचलला. स्टुलावर चढली बी. हात माळ्यापशी गेला अन् तिथंच थांबला. मग उतरली, डबा जाग्यावर ठिवला, अन् लई दमल्यावानी भिंतीला टेकून बसली. चार दिवस जे रोज खायची तेच खाल्लं.

शुक्रवारी उपाशीपोटी गेली. आशाताईनं बोट टोचलं, आकडा बघितला, अन् जरा चाचरतच म्हनली, "मामी, साखर निघाली वो."

"निघू दे. खरी तर निघाली." मामीनं बोट पदराला पुसलं. "पायाला मुंग्या येत्यात, ते बी लिव्ह. गोळी कवा घ्यायची सांग. अन् परत कवा येऊ?"

भाईर रिक्षावाला म्हनला, "बसा मावशी." मामीचे गुडघे ठनकत व्हते. ती पुढं चालत ऱ्हायली.