अंगठ्यावरची चामखीळ आणि गोवराची लस

"मॅडम, मशीन मले ओळखतच नाही," असं म्हणत वानखेडेंनी उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर फुलकोबीसारखी चामखीळ होती. बोटांवर आणखी सहा.

वानखेडे नवा रायपुरात एका सरकारी ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर क्लार्क होते. हजेरीच्या मशीनवर अंगठा लागत नव्हता, म्हणून रजिस्टरवर सही करायचे. नव्या साहेबांना ती पळवाट वाटली. तीन महिन्यांत अंगठा दुरुस्त झाला नाही, तर कॉन्ट्रॅक्ट बंद. शिवाय चामखिळीची लागण होईल या भीतीनं त्यांनी आपल्या लहान मुलीला भरवणंही सोडलं होतं.

चामखीळ म्हणजे व्हायरसच. तो कातडीच्या वरच्या थरात लपून राहतो आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो. मी ती याआधी दोनदा जाळली होती. दोन्ही वेळा ती परत आली, दुसऱ्यांदा तर कुटुंबकबिला घेऊन.

मग मी लसीचं ठरवलं. लहान मुलांना गोवर, गालगुंड, रुबेलासाठी देतात तीच. तिच्यात जिवंत पण कमजोर केलेले व्हायरस असतात. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास नाही. ते थेट चामखिळीत टोचायचे. पहारेकरी त्यांच्यामागे येतात आणि तिथे लपलेला जुना व्हायरसही सापडतो.

आमच्या हॉस्पिटलचे सीनियर सर लेझरचे भक्त.

"लस दंडात देतात, चामखिळीत नाही," ते म्हणाले.

"सर, लेझरनं सातही जळतील. सातही परत येतील."

"लेखी संमती घ्या. आणि सगळ्यांनाच लागू पडतं असं सांगू नका."

वानखेडेंच्या बायकोनं विचारलं, "एक व्हायरस हायेच, तुम्ही दुसरा काहून टाकून राहिल्या?" प्रश्न रास्त होता. मी दोनदा समजावलं, तेव्हा सही मिळाली.

अंगठ्यात सुई गेल्यावर वानखेडे छत्तीसगढीत जे बोलले ते इथे लिहीत नाही. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. दोन झाली तरी चामखीळ जशीच्या तशी. सर येताजाता अंगठ्याची चौकशी करायचे. मी त्यांचा रस्ता टाळायला लागले.

तिसऱ्यानंतर ती आक्रसली. बोटांवरच्या सहांना मी सुई लावलीच नव्हती, त्याही सुकल्या. चौथ्यानंतर अंगठ्यावर रेघा परत दिसल्या. आमच्या धंद्यात बरं झाल्याची खूण तीच.

मशीननं अंगठा घेतला. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मुलगी पुन्हा बापाच्या हातून जेवायला लागली.

महिन्याभरानं वानखेडे पडलेल्या चेहऱ्यानं आले. "मॅडम, आता मशीनवर रोज लेट मार्क लागून राहिला."

ऑफिसात कधीही पोहोचले तरी रजिस्टरवर ते सकाळी दहाचीच वेळ लिहायचे. साहेबांचा संशय अगदीच खोटा नव्हता.

तेव्हापासून इलाज सुरू करण्याआधी मी एक प्रश्न जास्तीचा विचारते. या आजाराचा तुम्हाला काही फायदा होतो का?