न लिहिलेले रविवार

काळूराम मेंगाळ यांच्या शिल्लक रजेचे पैसे गेल्या आठवड्यात बँकेत जमा झाले. ही बातमी त्यांनी स्वतः फोन करून मला सांगितली. "पासबुकावर छापून आलंय. लेकीकडून दोनदा वाचून घेतलं," म्हणाले आणि लगेच विचारले, "सायबांचं झालं का?"

साहेबांचे झालेले नाही. ते का, हे सांगितल्याशिवाय श्री. वसंत साळवे यांच्या साठीनिमित्तचा हा लेख पुरा होणार नाही.

साळवेसाहेबांची माझी पहिली भेट अंबरनाथच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या खिडकीशी झाली. मी स्टोअरमधला नवा कारकून. हजेरीचे कार्ड यंत्रात उलटे घातले. "मशीनला शिव्या देता येत नाहीत, म्हणून मला ठेवलंय इथं," असे म्हणत त्यांनी ते सरळ केले. मी शिवमंदिराजवळ एकटाच खोली घेऊन राहतो, हे कळल्यावर दुपारी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो, पण त्यांच्या घरचे जेवण काही सुटले नाही.

साहेब टाइमकीपर होते. एकदा त्यांना स्वतःला दहा मिनिटे उशीर झाला, तर आपल्याच नावापुढे त्यांनी लाल शेरा मारला होता.

अशा माणसाकडून एकच गोष्ट लिहायची राहिली. मेंगाळ आणि बारवी धरणाकडच्या पाड्यांवरचे इतर कामगार भाताच्या लावणीला आठवडाभर घरी जात. मस्टरवर ते दिवस रजा म्हणून लागत. परत आल्यावर ही माणसे तेवढे रविवार कामावर येऊन भरपाई करत. सगळे तोंडी. वर्षअखेरीला त्या रजा खोडून दुरुस्ती करू, असे साहेब म्हणत आणि ती राहून जाई. रजा तरी कोण मागत होते?

मग कारखान्याचा तो विभाग बंद झाला. साहेबांसकट सगळ्यांना कमी केले. मेंगाळांच्या हिशेबात शिल्लक रजा शून्य निघाली. त्यांची लेक नर्सिंगला होती आणि दुसऱ्या वर्षाची फी याच पैशांतून भरायची होती.

साहेब, मेंगाळ आणि मी असे तिघे उल्हासनगरला एका सिंधी वकिलांकडे गेलो. रविवारी कोण आत आले याच्या नोंदी गेटवरच्या वहीत होत्या, पण त्यांचा अर्थ सांगणारे कोणी हवे होते. साहेबांनी खिशातून पेन काढले. वकील म्हणाले, "साईं, ये लिखके दोगे तो आपका खुद का पैसा अटकेगा."

"अटकू दे. रविवार यांनी भरले. लिहायचं काम माझं होतं."

"सायेब, माझ्यापायी नका सही करू. मी बघतो काय ते."

"तू काय बघणार, काळूराम? लावणी?"

वकीलही हसले. साहेबांनी मात्र चूक आपली असल्याचे सविस्तर लिहिले आणि खाली सही केली.

त्या कागदावर मेंगाळ आणि पाड्यावरच्या इतरांना पैसे मिळाले. साहेबांचे कंपनीने चौकशीसाठी रोखले आहेत. त्यांच्या तोंडून याबद्दल तक्रारीचा शब्द मी ऐकलेला नाही. फक्त शालिनीवहिनी परवा बदलापूरच्या घरी चहा देताना म्हणाल्या, "रजेच्या पैशांत केरळ दाखवणार होते. आता वाढदिवसाला पुढच्या स्टेशनला, वांगणीला तरी नेतात का बघू!" साहेब बशीत चहा ओतत म्हणाले, "रिटर्न तिकीट काढतो, मग तर झालं?"

त्यांच्या पायांत बळ राहो, गुडघेदुखी मागे पडो आणि वहिनींना केरळ दाखवून परतल्यावर पुढची कित्येक वर्षे त्यांच्या घरचा चहा आम्हाला मिळत राहो.

साहेबांच्या चौकशीची सुनावणी पुढच्या सोमवारी आहे. पाड्यावर सध्या लावणी जोरात आहे. तरी मेंगाळांनी निरोप दिला आहे, "सायबांसाठी आम्ही सगळे येणार. चिखलातून उठून येऊ." त्या दिवशी कोण कोण आले, ते मी लिहून ठेवणार आहे.