शिट्टीवर थांबलेला खेळ

आमच्या घरात सगळे दुसऱ्याच्या हाकेवर पळणारे. आबा कोल्हापुरात गुळाच्या बाजारात हमाल, आई लोकांची धुणीभांडी करायची. मी घरातला पहिला पदवीधर झालो, तरी हाकेला दचकायची सवय काही गेली नव्हती.

फुटबॉल कोचच्या लायसन्सची मैदानावरची परीक्षा होती. चालू खेळात शिट्टी मारायची, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, मग कोचनं चूक दाखवायची, अशी पद्धत. मी शिट्टी मारली. उजवीकडचा खेळाडू किक मारायला उचललेला पाय तसाच धरून बगळ्यासारखा उभा राहिला. परीक्षेसाठी खेळायला बोलावलेली पेठेतली ही दांडगी पोरं माझ्या शिट्टीवर थांबली होती! आनंदानं मी बघतच राहिलो.

"सर, तुम्ही कशाला थांबलाय? पाय भरून आला की माझा," तो म्हणाला. परीक्षकही हसले.

मी पळत गेलो, खांद्यावर हात ठेवून त्याला मोकळ्या जागेत नेलं. "आता दिसतोय पास?"

"दिसतोय की, सर."

आबांना हाक मारणाऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर पोतीच दिली. असा हात ठेवून कुणी काही दाखवलं नाही.

परीक्षा मी पास झालो. आता मी फुटबॉलचा कोच आहे.