तिसऱ्या डॉक्टरांचा आवाज

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी विचारलं, "पनवेलमध्ये प्राण्यांचा चांगला डॉक्टर कोण आहे?" की पाच मिनिटांत मला टॅग केलं जातं. याला विचारा, हा सगळीकडे जाऊन आलाय. खरंच आहे ते. तीन आठवड्यांत तीन डॉक्टर केले मी. मी उत्तर टाइप करतो, पुसतो, परत टाइप करतो, आणि शेवटी हात जोडलेला इमोजी टाकून पळतो. म्हणून म्हटलं, एकदाच सगळं लिहून काढू.

आमची कुत्री म्हणजे पांढरी पॉमेरियन. अकरा वर्षांची. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते हाक मारायचं नाव होतं, आणि लिहिलं तर आई वाचेल, मग तिचं परत सुरू होईल. माझंही होईल.

मी नकला करतो. धंदा नाही हो, खोड. मराठी शाळेत होतो, वर्गात साठ पोरं, अभ्यासात नंबर येण्याची शक्यता शून्य. मग एकदा दाराआडून मुख्याध्यापकांच्या आवाजात "आज लवकर सोडलंय" म्हणालो आणि अख्खा वर्ग घरी गेला. तेव्हापासून मला कळलं की आपल्याला काहीतरी येतं. आता उरणच्या रस्त्याला एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात कामाला आहे, तिथे साहेब जेवायला गेले की साहेबांचा फोन मीच उचलतो.

पण माझा सगळ्यात गाजलेला आयटम म्हणजे 'गुरांचे डॉक्टर'. जुन्या पनवेलात त्यांची एका खोलीची जागा. सरकारी नोकरीत आयुष्यभर म्हशी तपासल्या, रिटायर झाल्यावर इथे बसायला लागले. आमच्या कुत्रीची पिल्लू असल्यापासूनची इंजेक्शनं त्यांनीच दिलेली. बाहेर बाकड्यावर बकऱ्या, कोंबड्या, एखादा पोपट. आत डॉक्टर. आवाज नाकातला, आणि बोलण्याआधी घसा असा साफ करायचे की जुन्या स्कूटरला किक मारतायत. "हंऽऽ. बस खाली. खाली बस. शहाणी आहेस ना?" कुत्रीला तेच, बकरीला तेच, आणि मालक फार बोलायला लागला तर त्यालाही तेच.

तिचं गेल्या वर्षीचं इंजेक्शन झाल्यावर घरी मी हे वाक्य थोडं वाढवलं होतं. "हंऽऽ. बस खाली. खाली बस. शहाणी आहेस, की डॉक्टर बोलवूऽऽ?" शेवटचा 'बोलवू' गाण्यासारखा ताणायचा. आमची ताबडतोब बसायची, शेपूट फिरवायची आणि माझ्या खिशाकडे बघायची, कारण खिशात टोस्ट असायचा. डॉक्टरांचा आवाज आला की टोस्ट येतो, एवढंच तिला माहीत.

मग ओवे गावात मित्राची हळद होती. डीजेवाला जरा थांबला, कुणीतरी माइक माझ्या हातात कोंबला. समोर अख्खं गाव बसलेलं. मी नवरदेवालाच पाटावर तपासायला घेतलं. तोंड उघडून दात मोजले, कानात बघितलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "हंऽऽ. बस खाली. खाली बस. शहाणा आहेस, की डॉक्टर बोलवूऽऽ?" मंडप आडवा पडला. बायका हळदीचे हात तोंडावर नेऊन हसत होत्या. कारण त्या गावातली प्रत्येक बकरी ह्याच डॉक्टरांकडे जाते, आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. व्हिडिओ हळद सुकायच्या आत सगळीकडे गेला. जेवताना एक काका पाठीत धपाटा घालून म्हणाले, "डाक्टरला पन पाठवलाय मी! तो पन हसंल!"

मी ताट तसंच ठेवून उठलो. त्या दिवसापासून मी त्या गल्लीतून जायचं बंद केलं.

दोन महिन्यांनी आमची कुत्री खोकायला लागली.

पहिला डॉक्टर मी फोनवर शोधला. खारघरच्या बाजूला, काचेचं दार, एसी, मांजरांना वेगळं बाकडं, भिंतीवर पंजे रंगवलेले. डॉक्टर तरुण, एकदम गोड बोलणारा. त्याने विचारलं, "खोकते कशी?" आता ती तिथे काही खोकेना. नवीन जागा, नवीन वास, ती मजेत. मग मी काय करणार? मी खाली वाकलो, चारही पायांवर आलो, मान पुढे काढली, डोळे बाहेर आणले आणि खोकून दाखवलं. शेवटी बदकासारखा एक हॉर्न. रिसेप्शनवरची मुलगी टेबलावर डोकं ठेवून हसली. बाजूचा लॅब्रॅडोर भुंकायला लागला. डॉक्टरही हसला. छातीला नळी लावली, पण ती सारखी नाचत होती, नीट काही ऐकू येईना. म्हणाला, आवाजावरून घशाचं वाटतंय, औषध देतो, पाच दिवसांत फरक पडला नाही तर नक्की या, एक्स-रे काढू.

हे नीट वाचा. तो म्हणाला होता, नक्की या.

मी गेलो नाही. पाच दिवसांनी फरक नाही म्हटल्यावर मी ठरवलं की डॉक्टर बदलू. मोबाइल बदलतात तसं.

दुसरे डॉक्टर नवीन पनवेलचे, घरी येणारे. त्यांच्या नावापुढे फोनवर भरपूर तारे होते. ते आले तेव्हा आमची कुत्री पाहुणा आला म्हणून चप्पल तोंडात घेऊन घरभर पळाली आणि मग धापा टाकत बसली. खोकला नाहीच. मी परत आयटम केला. एव्हाना तो वाढला होता. त्यात आता बाबाही आले होते, खोकल्याने दचकून उठणारे, "कोण आलं? कोण आलं?" करणारे. डॉक्टर हसले. आधी कुणाला दाखवलं का, विचारलं. मी म्हणालो, "तसं विशेष काही नाही." पहिल्या डॉक्टरचा कागद माझ्या बॅगेत होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तीन दिवसांनी कळवा म्हणाले.

मी तेही कळवलं नाही.

त्याच आठवड्यात ती बसून झोपायला लागली. पुढचे पाय फाकवून, मान ताठ, डोळे मिटलेले. मला ते वॉचमनसारखं दिसलं. मी तिच्या डोक्यावर बाबांची टोपी ठेवली आणि व्हिडिओ काढला, मागे आमच्या गेटवरच्या काकांच्या आवाजात बोललो, "कोणाकडे जायचंय? वहीत नाव लिहा." घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांना आवडला. आत्याने तीन वेळा बघितला म्हणे.

आई म्हणाली, "आता तू हिला त्या जुन्या डॉक्टरांकडे ने."

"आई, मी कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे?"

"तुझ्याकडे पन्नास तोंडं आहेत की. घाल एखादं."

गेलो. सकाळची वेळ. बाहेर बाकड्यावर एक मावशी बकरी घेऊन बसलेल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय झाला रं हिला?"

"खोकते."

"मंग तू कशाला घामाघूम झालायस? आमची शेली पन तुज्यापरीस शांत हाय."

आत गेलो. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही, राग दाखवला नाही, काहीच नाही. "किती दिवस?"

"तीन आठवडे, सर. म्हणजे ती असा आवाज..." म्हणत मी सवयीने खाली वाकलो. बदकाचा हॉर्न अर्धा बाहेर आला.

"उठ."

"सर, मी फक्त दाखवतो की..."

"उठ म्हणतो ना. आजारी तू आहेस का? तिला खोकू दे. तू गप्प बस."

मी गप्प बसलो. त्यांनी कानाला नळी लावली, एक हात तिच्या बरगड्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. मग काहीच झालं नाही. बाहेर बकरी ओरडली. रिक्षा गेली. पंख्याचा कुठलातरी नट वाजत होता. ती आधी चुळबुळली, मग तिचं नाचणं संपलं, मग तिने मान टेबलावर टेकवली. डॉक्टर तसेच. आयुष्यात मी इतका वेळ गप्प राहिलो नव्हतो.

आणि मग ती खोकली.

बदक नव्हतं ते. हॉर्न नव्हता. अगदी बारीक, ओला खोकला. सभेत मागच्या रांगेतलं माणूस, कुणाला त्रास नको म्हणून तोंडावर रुमाल धरून खोकतं ना, तसा. तीन आठवडे माझ्या घरात होता तो आवाज आणि मी तो एकदाही ऐकलाच नव्हता. मी आपला माझाच ऐकत होतो.

"घशाचा नाही हा," डॉक्टर म्हणाले. "हृदयाचा आहे. छातीत पाणी साठतंय. एक्स-रे काढून आण, पण मला कळलंय. झोपते कशी?"

मी फोन काढून व्हिडिओ दाखवला. टोपी, वॉचमन, मागून माझा आवाज. ते हसले नाहीत. पूर्ण बघितला आणि फोन परत दिला. "आडवी झाली की तिचा श्वास कोंडतो. म्हणून बसून राहते ती. आधी कुणाला दाखवलं होतंस?"

मी दोन्ही कागद पुढे केले. त्यांनी सावकाश वाचले. "दोघंही चांगले आहेत. दोघांनी तुला परत बोलावलं होतं. तू तीन डॉक्टर केलेस, आणि तिघांकडे तुझा पहिलाच दिवस."

मग सुई भरली. घसा साफ केला. "हंऽऽ. बस खाली. खाली बस." आणि आमची त्या टेबलावर, तेवढ्या दमात, उठून नीट बसली. शेपूट फिरवायला लागली. त्यांच्याकडे नाही, माझ्या खिशाकडे बघत.

डॉक्टर सुई हातात घेऊन थांबले. "एवढ्या वर्षांत माझ्या आवाजाला शेपूट हलवणारं जनावर पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले.

टोस्टचं सांगायला हवं होतं मी तेव्हा. नाही सांगितलं.

एक्स-रेमध्ये तेच निघालं. आधी आली असतीस तर अजून वर्ष काढलं असतंस, असं ते तिलाच म्हणाले, मला नाही. त्या औषधांवर ती सोळा दिवस राहिली. रोज गोळी मी त्यांच्याच आवाजात दिली. रोज ती बसली. शेवटी शेवटी बसायलाही तिला भिंत लागायची, पण आवाज आला की बसायची.

सतराव्या दिवशी दुपारी तिची जीभ निळी पडायला लागली. आई आणि मी रिक्षाने निघालो, ती टॉवेलमध्ये. बाबा मागून स्कूटरवर. डॉक्टरांनी बघितलं आणि बाहेरच्यांना थांबायला सांगून दार लावून घेतलं. आईला म्हणाले, "ताई, आता तिला त्रास नको." आईने मान हलवली.

ती टेबलावर थरथरत होती, उठायला बघत होती. डॉक्टर मला म्हणाले, "बोल काहीतरी. घाबरलीय. तुझा आवाज ओळखते ती."

मी तोंड उघडलं. पन्नास तोंडं माझी. साहेब, मुख्याध्यापक, वॉचमन, बाबा. एकही आलं नाही. माझं स्वतःचंही नाही, नुसती हवा. डॉक्टर थांबले, त्या दिवशी खोकल्यासाठी थांबले होते तसेच. मग ते तिच्या कानापाशी वाकले. स्कूटरला किक मारली.

"हंऽऽ. बस खाली. खाली बस. शहाणी आहेस..." आणि जरा अडखळून, गाण्यासारखं ताणत म्हणाले, "...की डॉक्टर बोलवूऽऽ?"

ते पुढचं त्यांचं नव्हतं. ते माझं होतं. म्हणजे व्हिडिओ त्यांनी बघितला होता, आणि नीट बघितला होता.

तिची शेपटी टेबलाच्या पत्र्यावर दोनदा आपटली. तिने माझ्या खिशाकडे बघितलं. टोस्ट होता, सवयीने घेतलेला. मी तो तिच्या नाकापाशी धरला. तिने वास घेतला. खाल्ला नाही. डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा मी तो तसाच धरून होतो. नंतरही बराच वेळ धरून होतो. मग आईने माझ्या हातातून काढून घेतला.

त्यानंतर तो आवाज मी काढलेला नाही. ओव्यातले मित्र अजून फर्माईश करतात.

परवा ग्रुपवर एका बाईंनी परत विचारलं, त्यांचा ससा जेवत नाहीये, कोणता डॉक्टर चांगला? मला टॅग झालंच. ह्या वेळी मी पुसलं नाही. लिहिलं, "मी तिघांकडे गेलोय, तिघंही चांगले आहेत. कुठलाही एक धरा आणि परत बोलावलं की जा. आणि तिथे गेल्यावर ससा काय करतो ते स्वतः करून दाखवू नका."

खाली सात जणांनी हसण्याचे इमोजी टाकले.