कबरीत आधी झोपणारा

केडगावच्या ख्रिस्ती कबरस्तानात कबरी खणणारा तो म्हातारा मजुरी घेत नसे. माझ्या बाबांना पुरायच्या दिवशी, पेटी यायच्या आधी, तो नव्या कबरीत उतरला आणि छातीवर हात ठेवून, डोळे मिटून आडवा झाला. पाठीला खडा टोचतो का, हे तो प्रत्येक कबरीत असंच पाहायचा म्हणे.

तो वर आल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "या पुण्यानं तुमचं तारण होईल."

"कामानं तारण व्हत न्हाई, ताई. ते येशूनं आदीच फुकट दिलंय. आपण निस्ता इश्वास ठिवायचा."

"मग हे कशाला?"

"एवढं फुकट मिळाल्यावर हात गप बसत्यात व्हय?"

बोलताना तो मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळत होता. मग फावडं उचलून अगदी मायेनं म्हणाला, "तुमाला वीतभर लांब लागंल."