व्हिएन्नाच्या पाण्याची बाटली

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते, गुलाबी, पिवळे, बारामतीच्या छापखान्यातून सुतळीने बांधून आलेले. 'शेतकरी बंधूंनो, जागे व्हा' हे मी अडखळत वाचलेलं पहिलं वाक्य. यात बहिणी का नाहीत, असं मी पत्रकं लिहिणाऱ्या आबांना विचारलं. पुढच्या पत्रकात 'भगिनींनो' आलं. आबा म्हणजे माझे वडील. चूक दाखवली की ती दुरुस्त होते, एवढी साधी गोष्ट जगात सगळीकडे चालत असणार, अशी माझी तेव्हा समजूत झाली.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या पुढे, ओढ्याच्या काठाला. आजोबांची मेंढरं होती. आबांच्या वाट्याला थोडा ऊस आणि साखर कारखान्याचं सभासदत्व आलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला तो कारखाना. त्याने मळीपासून दारू गाळायची डिस्टिलरी काढली, आणि गाळून उरलेलं तांबडं, आंबूस वासाचं पाणी ओढ्यात येऊ लागलं. पहिल्या वर्षी ओढा चहासारखा झाला. दुसऱ्या वर्षी विहिरी. शेळ्या डोणीपाशी यायच्या, पाण्याला नाक लावायच्या आणि तशाच मागे फिरायच्या. आई घागर उन्हात तिरकी धरून आत बघायची. रोज बघायची आणि रोज तेच पाणी चुलीवर ठेवायची, कारण दुसरं नव्हतं.

मी बारामतीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. कारखान्याच्या वार्षिक सभेपुढे एक विषय यायचा होता. डिस्टिलरी वाढवायची आणि तिचं पाणी साठवायला आमच्या वस्तीच्या डोक्यावरच्या माळावर मोठाली तळी खणायची. ती तळी झाली की आमच्या विहिरी संपल्या, हे वस्तीत सगळ्यांना कळत होतं. सभेत उठून बोलणारा माणूस मात्र एकच होता. बाकीचे म्हणायचे, आबा हायेत की.

असं असताना एका दुपारी चेअरमनची जीप आमच्या दारात आली.

चेअरमन फार गोड माणूस. पायातल्या वहाणा बाहेर काढून आत आले, आजोबांच्या फोटोला हात जोडले, माझं शिक्षण विचारलं. मग म्हणाले, संचालक मंडळाचा अभ्यास दौरा निघालाय, व्हिएन्नाला. तिकडं बिटापासून साखर करतात, ती बघायची. एक साधा सभासद बरोबर न्यायचा ठराव झालाय, आणि मंडळाचं एकमत आबांवर आहे. विरोध करणाऱ्या माणसानं जग बघावं, असं त्यांचं म्हणणं.

आईने चहा आणला. त्यांनी कपाला हात लावला नाही. आपल्याला साखर चालत नाही, डायबेटीस आहे, असं हसून सांगितलं. साखर कारखान्याच्या चेअरमनला साखर वर्ज्य, याच्यावर आबाही हसले. जीप गेल्यावर आईने तो कप तसाच उकिरड्यावर ओतला.

"साखरंला न्हाय भ्याला त्यो," ती म्हणाली. "पाण्याला भ्याला."

मी आबांना जाऊ नका म्हणून सांगितलं. मी पत्रकात लिहावं तसंच बोलले: हे आमिष आहे, ही तोंडं बंद करायची रीत आहे. आबांनी ऐकून घेतलं. त्यांचं गणित वेगळं होतं. दौरा सभासदांच्या उसावर निघतोय, तर सभासदानं का जाऊ नये? तिथंही कारखाना असणार, त्याचंही घाण पाणी असणार. ते कुठं जातं, ते या डोळ्यांनी बघायचं आणि सभेत येऊन सांगायचं. मग कोण खोटं ठरवतो?

मला ते पटलं. आजही त्या विचारात मला खोट दिसत नाही.

निघायच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर बँड होता. चेअरमननी स्वतः आबांना फेटा बांधला. आमचे चुलते, ज्यांना सगळी वस्ती तात्या म्हणते, गर्दीतून ओरडले, "आबा, तितं मेंढरं दिसली तर इचारून ये, कुणाच्या वाड्यावरली हायेत. आपलंच कुणीतरी फुडं गेलं आसंल." सगळे हसले. आबांच्या कपाळावरून घामाचा ओघळ फेट्याच्या रंगासकट खाली आला, आणि आईने तो पदराने पुसला.

आबा दौऱ्यावर होते त्या दिवसांत विहीर आणखी काळवंडली. वास घरात शिरला, भाकरीला लागला. वस्तीतल्या दोन शेळ्या मेल्या. कशाने, ते कुणी मोठ्याने बोललं नाही. मी विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून ठेवलं. आबांनी जाताना तसं सांगितलं होतं. तिकडून तेही तिथल्या पाण्याची एक बाटली आणणार होते. दोन्ही बाटल्या सभेच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि म्हणायचं, बघा. भाषण करायची गरजच नाही.

आबा परत आले ते बाटली घेऊनच. कपड्यांत गुंडाळून आणलेली, बूच घट्ट बसवलेली. आईने ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली. संध्याकाळी सगळी वस्ती लिंबाखाली जमली, आणि आबा व्हिएन्ना सांगू लागले.

शहरात नुसतं हिंडायलाच माणसं येतात, हे ऐकून तात्यांना नवल वाटलं. कामाशिवाय? कामाशिवाय. रस्त्यातून आगगाडीची पोरं असावीत तशा ट्राम धावतात. राजाचा वाडा एवढा की तो बघता बघता आमचे संचालक दमले आणि राणीच्या बागेत फतकल मारून बसले. पांढरे घोडे आहेत, ते झुंबरांखाली नाचतात, आणि लोक कीर्तनाला बसावं तसे गप्प बसून बघतात. नदीत बोटी आहेत. बोटीत बसून दोन्ही काठ बघायचे आणि परत यायचं.

"मासं धरत न्हाईत?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय. नुसतं बघत्यात."

"मग बोट कशाला भिजवायची?"

एक मोठं देऊळ आहे त्यांचं. त्याच्याखाली तळघरं, आणि तळघरांत माणसांची हाडं. आपल्याकडं बाभळीचं जळण रचतात तशी रचून ठेवलेली. पटकीसारख्या कुठल्याशा साथीत मेलेली माणसं. वर घंटा वाजते, लोक फोटो काढतात, आणि खाली हे. आबा हे सांगताना थांबले. मग म्हणाले की, कॉफी मागितली की तिथं चांदीसारख्या ताटलीत तिच्यासंगं पाण्याचा गिलास देतात. न मागता. दूर डोंगरातनं आणलेलं पाणी, नळाचं, पण असं की गिलास भरलाय का रिकामा ते कळत नाही. म्हाताऱ्या बाया जवळ सरकल्या. नाचऱ्या घोड्यांपेक्षा त्यांना ते ऐकायचं होतं. आबांनी पुन्हा सांगितलं. मग एकीने पुन्हा विचारलं, आणि त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

मी विचारलं, कारखान्याचं काय? एक सकाळ नेलं होतं, ते म्हणाले. त्यांनी दुभाष्याला विचारलं की घाण पाणी कुठं जातं. दुभाष्याने चेअरमनकडे बघितलं. चेअरमन म्हणाले, पुढं राजवाडा बघायचाय, बस थांबणार नाही.

फोटो हातोहात फिरत होते. एकात भलामोठा पाळणा होता, जत्रेतल्या पाळण्याच्या कितीतरी पट. त्याला बाकडी नव्हती, खोल्या टांगलेल्या होत्या, चारी बाजूंनी काचा असलेल्या. एका खोलीच्या काचेआड दोन माणसं दिसत होती. आबा आणि चेअरमन. तात्यांनी विचारलं, ह्यो कसला पाळणा? आबांनी फोटो त्यांच्या हातातून घेतला आणि खालच्या बाजूला सरकवला. बोटीचा फोटो पुन्हा वर आला.

त्या संध्याकाळी त्यांनी सगळं शहर सांगितलं. पाळणा तेवढा सांगितला नाही.

सभेच्या दिवशी दोन्ही बाटल्या कापडी पिशवीत घालून मी आबांबरोबर गेले. मांडव गच्च भरला होता. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही शेवटच्या ओळीत. आबा नेहमीच्या जागी, माइकच्या खांबाजवळ बसले, मी त्यांच्या शेजारी. प्रश्न तिथूनच विचारायचे असतात. पिशवी त्यांच्या पायाशी होती.

श्रद्धांजली झाली. मग माइकवरून पुकारलं की, दौऱ्याहून परतलेल्या मंडळींचा सत्कार होईल. आबांना वर बोलावलं. ते उठले, पिशवी माझ्या हातात दिली, वर गेले. फेटा, शाल, नारळ. टाळ्या. सत्कार झाल्यावर माणूस खाली येतो, पण चेअरमनच्या शेजारी एक खुर्ची मोकळी ठेवलेली होती आणि चेअरमननी आबांना दंडाला धरून तिच्यात बसवलं.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी लिहिलेली नाही, पण शेंबड्या पोराला माहीत असते. स्टेजवर बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही. प्रश्न खालून येतो. वरचा माणूस मंडळाचा पाहुणा. ज्याच्या हातचा फेटा डोक्यावर, त्याच्या शेजारी बसून त्याला जाब विचारणं म्हणजे पंगतीत बसून यजमानाच्या ताटात थुंकणं. आबांना उतरून यायला चार पायऱ्या होत्या, तेवढंच. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते उतरतील याची मला खात्री होती.

चेअरमननी माइक त्यांच्याकडे सरकवला. दौऱ्याबद्दल दोन शब्द. आबा बोलू लागले. ट्राम, घोडे, राणीच्या बागेत बसलेले संचालक. मांडव हसला. पाण्याच्या गिलासापाशी आले तेव्हा मी पिशवीचं तोंड उघडलं. पण गिलास त्यांनी सांगितलाच नाही. बोटीवरून थेट धन्यवादावर आले आणि बसले.

पुढचा विषय वाचला गेला. डिस्टिलरीची वाढ, माळावरची तळी. पुढच्या ओळी आधीच उभ्या होत्या. "मंजूर, मंजूर." आबा खुर्चीच्या हाताला धरून बसले होते. फेट्याचा शेमला खांद्यावर पडला होता, तो त्यांनी मागेही सारला नाही.

मी उठले. मला विषयावर बोलायचं आहे, म्हणाले. आवाज माइकशिवाय पोहोचला, कारण मांडव एकदम गप्प झाला होता. चेअरमननी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी सभासद आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

"मग बस खाली, बाळ," ते म्हणाले. "तुझं आबा हायेत की वर."

मांडवात हशा पिकला. ज्या वाक्याच्या आधारावर आमची वस्ती इतकी वर्षं निवांत होती, तेच वाक्य होतं ते.

दुसऱ्या दिवशी आबा विहिरीच्या काठावर बसलेले दिसले. मी जाऊन त्यांच्याशी भांडायचं ठरवलं होतं. शब्द तयार होते. मी सुरुवात करायच्या आत ते म्हणाले, "पाळण्याचं सांगतो."

चेअरमननी बाकीच्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि या खोलीत दोघेच. दार बाहेरून लागतं. पाळणा हळूहळू वर जातो, वर गेला की थांबतो, म्हणजे लोकांना शहर नीट बघता येतं. नदी, देऊळ, राजवाडा, सगळं खाली. चेअरमन एकेक ठिकाण बोटाने दाखवत होते. मग त्याच आवाजात म्हणाले की, पोरगी हुशार आहे तुमची. पत्रकं तीच लिहून देते म्हणे आता.

"आन मग?" मी विचारलं.

"म्हनला, सकाळच्या पयल्या यष्टीनं जाती न्हवं कालिजला. फाट्यावर थंडीत अंधार आसतो. येकली हुबी आसती. आमाला काळजी वाटती."

आबा विहिरीत बघत होते.

"येवढंच म्हनला. लई चांगलं बोलला. परत बोटानं देऊळ दावाय लागला."

 तयार ठेवलेले शब्द एका विकल्या गेलेल्या माणसासाठी होते, आणि समोर तसा माणूस नव्हता. आबांनी मला एकच विचारलं, थंडीपुरतं बारामतीला वसतिगृहात राहशील का? मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग उठून शेळ्यांकडे गेले.

दिवाळीनंतर माळावर यंत्रं आली. तळी खणली, भरली. आईने घागर उन्हात धरून बघणं सोडलं. आबांनी पत्रक लिहायला पुन्हा कागद घेतला नाही. व्हिएन्ना सांगा, असं कुणी म्हटलं की उठून जायचे. दोन्ही बाटल्या देव्हाऱ्याशेजारी होत्या. एकीत तळाला काळा गाळ बसला होता आणि वरचं पाणी बाटलीच्या काचेला चिकटत होतं. दुसरी भरली आहे की रिकामी ते कळत नव्हतं.

थंडी पडली तेव्हा मी पत्रक लिहिलं. पहिल्यांदा खाली माझं नाव घातलं. सकाळी निघताना पिशवीत कागद आणि दोन्ही बाटल्या घातल्या. पत्रकाबरोबर त्यांचा फोटो छापायचा होता. आई दाराशी उभी होती. तिने थांबवलं नाही, नुसता माझा स्वेटर गळ्यापर्यंत ओढला. आबा बरोबर येतो म्हणाले. मी नको म्हणाले, तरी ते ओढ्यापर्यंत आलेच.

फाट्यावर अंधार होता. धुकं जमिनीलगत होतं आणि त्याला तळ्यांचा वास होता. रस्त्याच्या पलीकडे कारखान्याची जीप दिवे विझवून उभी होती. मी आले तशी तिची काच खाली झाली. ड्रायव्हर ओळखीचा, आमच्या दारात चेअरमनला घेऊन आलेला.

"कालिजला का, ताई?" त्याने अदबीने विचारलं. "सोडू का?"

मी नको म्हणाले.

"पिशवी जड दिसती. काय हाय?"

"पाणी," मी म्हणाले.

त्याने काच वर केली नाही. लांब वळणावर एसटीचे दिवे दिसले. मी मागे वळून बघितलं तर ओढ्याच्या अंगाला धुक्यात आबांचा पांढरा सदरा अजून उभा होता. गाडी थांबली, मी चढले, मागच्या बाकावर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलली. काचेतून मागे बघितलं, तेव्हा जीपचे दिवे लागले होते.